केंट काउंटी काउन्सिलमधलं सत्तांतर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

१ मे २०२५, गुरुवार. मुंबईत शिवाजी पार्कावर महाराष्ट्र दिनाचं संचलन झालं, त्याच दिवशी इंग्लंडच्या आग्नेय कोपऱ्यात आमच्याकडे केंट काउंटी काउन्सिलचं मतदान होतं. दुसऱ्या दिवशी मोजणी झाली आणि कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाची अठ्ठावीस वर्षांची सत्ता एका दुपारीत गेली. तेव्हापासून इथले मराठी शेजारी, गणपतीला भेटणारी मंडळी आणि गावाकडून फोन करणारे नातेवाईक आलटून पालटून तेच प्रश्न विचारतात. प्रत्येकाला वेगळं सांगण्यापेक्षा एकदाच लिहून काढलं.

काउंटी काउन्सिल म्हणजे आपली झेडपी का?

समजायला तसं धरलं तरी चालेल. झेडपीच्या खाली पंचायत समिती आणि ग्रामपंचायत, तसं इथे काउंटीच्या खाली बारा डिस्ट्रिक्ट किंवा बरो काउन्सिलं आहेत (मेडस्टन, अॅशफर्ड, कँटरबरी, डार्टफर्ड वगैरे) आणि त्यांच्याखाली बऱ्याच ठिकाणी पॅरिश काउन्सिल. मात्र डिस्ट्रिक्ट काही काउंटीच्या हाताखाली नाही. तिची निवडणूक वेगळी, सत्ताधारी वेगळे, कामं वेगळी. आपल्याकडे झेडपी ग्रामीण भागापुरती आणि शहराला नगरपालिका. इथे काउंटीत शहरंही येतात. मेडवे तेवढं १९९८ पासून बाजूला निघालेलं आहे. चॅटम, जिलिंगम, रॉचेस्टरची मंडळी पत्त्यात केंट लिहितात, पण काउंटीच्या निवडणुकीत त्यांना मत नाही.

कामांची वाटणी लक्षात ठेवायची तर कचऱ्याची पेटी डोळ्यांसमोर आणा. दाराबाहेरची पेटी उचलते डिस्ट्रिक्ट. उचललेल्या कचऱ्याचं पुढे काय करायचं, कुठे जाळायचा किंवा पुरायचा, हे बघते काउंटी. त्यामुळे पेटी उचलली नाही म्हणून काउंटीच्या सदस्याला फोन केला की तो बिचारा आधी पाच मिनिटं हेच समजावत बसतो. रस्ते, शाळाप्रवेश, वाचनालयं, जन्म-मृत्यू-विवाह नोंदणी, वृद्धांची आणि अपंगांची देखभाल, निराधार मुलांची जबाबदारी ही काउंटीची. घरबांधणीचे परवाने, सरकारी घरं, कचरा उचलणं आणि काउन्सिल टॅक्सची (म्हणजे इथल्या घरपट्टीची) वसुली ही डिस्ट्रिक्टची. पोलीस दोघांचेही नाहीत.

निकाल नेमका काय लागला?

एकूण ८१ जागा. रिफॉर्म यूके (नायजेल फराज यांचा नवा पक्ष) ५७, लिबरल डेमोक्रॅट १२, कॉन्झर्व्हेटिव्ह ५, ग्रीन ५, लेबर २.

याच्या आधी, २०२१ मध्ये, यातल्या ६२ जागा कॉन्झर्व्हेटिव्हांकडे होत्या. बासष्टवरून पाच. आपल्या भाषेत याला पानिपत म्हणतात. मावळते नेते रॉजर गॉफ स्वतःची जागाही राखू शकले नाहीत. रिफॉर्मचा एकही उमेदवार २०२१ मध्ये इथे निवडून आला नव्हता, म्हणजे चार वर्षांपूर्वी खातंही न उघडलेला हा पक्ष सरळ सत्तेत बसला. निवडून आलेल्या बहुतेकांनी काउन्सिलचं सभागृह आतून पहिल्यांदाच पाहिलं असणार.

एवढा जुना गड एका दिवसात कसा ढासळला?

एका दिवसात ढासळला नाही. केंट हा कॉन्झर्व्हेटिव्हांचा बालेकिल्ला खरा, आजच्या रचनेतली काउंटी १९७४ ला आली तेव्हापासूनचा. मध्ये १९९३ ते १९९७ ही चार वर्षं सोडली तर सत्ता त्यांचीच. पण तटबंदीला पहिला तडा २०१३ मध्ये गेला. युरोपातून बाहेर पडा म्हणणाऱ्या युकिप या पक्षाने तेव्हा ८४ पैकी १७ जागा घेतल्या होत्या आणि त्याचे नेते नायजेल फराज घराघरांत पोचले होते. चार वर्षांनी, ब्रेक्झिटचा कौल लागून गेल्यावर, युकिपचा एकही सदस्य उरला नाही. ती मतं वळली आणि कॉन्झर्व्हेटिव्ह ६७ वर गेले. लोकांना वाटलं वादळ शमलं. मला तरी आता असं दिसतं की ती मतं कॉन्झर्व्हेटिव्हांकडे मुक्कामाला आली होती, नांदायला नाही. तेच फराज रिफॉर्म हा नवा पक्ष घेऊन आले आणि पाहुणे त्यांच्या मागे उठून गेले. यावेळी जाताना घरच्यांनाही सोबत घेऊन गेले.

दुसरं कारण मतमोजणीच्या पद्धतीत आहे, आणि ते आपल्या ओळखीचं आहे. इथेही ज्याला सर्वात जास्त मतं तो निवडून. पाच पक्ष मैदानात असले की तीसपस्तीस टक्क्यांत जागा निघते. रिफॉर्मला केंटभरात चाळीस टक्क्यांहून कमी मतं मिळाली आणि जागा सत्तर टक्के. यात गैर काही नाही, नियमच तसा आहे. याच नियमाने कॉन्झर्व्हेटिव्हांनी अनेक वर्षं जागा लुटल्या, तेव्हा त्यांची तक्रार नव्हती.

तिसरं कारण देशभराचं. २०२४ मध्ये लेबर सरकार आलं, संसदेच्या निवडणुकीत केंटनेही लेबरला भरभरून जागा दिल्या आणि दहा महिन्यांत लोक त्यांच्यावर रुसले. बहुतेक पेन्शनरांचा हिवाळ्याचा इंधनभत्ता काढून घेणं हे त्यातलं सर्वात जास्त बोललं गेलेलं. आधीच्यांवरचा राग गेलेला नाही आणि नव्यांवरचा सुरू झालाय, अशा वेळी तिसऱ्याचं फावतं.

ही निवडणूक पुढे ढकलली जाणार होती, हे खरं का?

होय, आणि मला ही गोष्ट सर्वात नाट्यमय वाटते. डिसेंबर २०२४ मध्ये सरकारने जाहीर केलं की काउंटी आणि डिस्ट्रिक्ट अशी दुमजली व्यवस्था मोडून एकमजली करायची. जे भाग पहिल्या तुकडीत येतील त्यांची मे २०२५ ची निवडणूक वर्षभर लांबवता येणार होती. केंट आणि मेडवेनेही अर्ज केला. फेब्रुवारीत नऊ काउन्सिलांच्या निवडणुका लांबणीवर पडल्या: शेजारचं ईस्ट ससेक्स, वेस्ट ससेक्स, सरे, एसेक्स, थरॉक, हॅम्पशर, आयल ऑफ वाइट, नॉरफोक आणि सफोक. केंटचा अर्ज मात्र फेटाळला गेला. अर्ज मंजूर झाला असता तर बासष्टांचा गट निदान वर्षभर खुर्चीवर बसला असता.

गावाकडच्यांना यात नवल वाटत नाही. महाराष्ट्रात बहुतेक झेडप्यांवर २०२२ पासून प्रशासक होते आणि निवडणुकांची अधिसूचना चार आठवड्यांत काढा हा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आला तो ६ मे २०२५ ला, म्हणजे आमच्या मतदानानंतर पाच दिवसांनी. इथे एका वर्षाच्या विलंबावर वर्तमानपत्रांनी रान उठवलं होतं. माझा साताऱ्याचा आतेभाऊ म्हणाला, "एकच वर्ष ना? मग ओरडताय कशाला?"

मी भारतीय पासपोर्टवर इथे राहतो. मला मत देता येतं?

येतं. सर्वात जास्त विचारला जाणारा आणि सर्वात कमी लोकांना माहीत असलेला मुद्दा हाच आहे. ब्रिटनमध्ये कायदेशीररीत्या राहणाऱ्या कॉमनवेल्थ देशांच्या नागरिकांना सर्व निवडणुकांत मत आहे, स्थानिकही आणि संसदेच्याही. भारत कॉमनवेल्थमध्ये आहे. वर्क व्हिसा असो, विद्यार्थी व्हिसा असो की डिपेंडंट, वय अठरा पूर्ण हवं आणि मतदार यादीत नाव हवं. अमेरिकेहून इथे राहायला आलेला माणूस वीस वर्षं कर भरत असला तरी त्याला मत नाही, आणि सप्टेंबरात उतरलेल्या पुण्याच्या विद्यार्थिनीला मे महिन्यात आहे. साम्राज्याच्या हिशेबातली ही एक शिल्लक आपल्या बाजूला उरली आहे, घ्यावी.

नोंदणी ऑनलाइन पाच मिनिटांत होते, नॅशनल इन्शुरन्स नंबर जवळ ठेवा. मुदत मतदानाच्या बारा कामकाजी दिवस आधी संपते. २०२५ ला ती ११ एप्रिल होती आणि १२ तारखेला मला तीन फोन आले.

२०२३ पासून फोटो असलेलं ओळखपत्र लागतं. भारतीय पासपोर्ट चालतो, इथलं ड्रायव्हिंग लायसन्स चालतं. काहीच नसेल तर मोफत प्रमाणपत्र मिळतं, पण तेही आधी मागवावं लागतं. घरी येणारं पोल कार्ड हे फक्त निमंत्रण. ते विसरलं तरी बिघडत नाही, आणि नुसतं तेच नेलं तर परत पाठवतात.

मतदान केंद्रावर काय होतं? पहिल्यांदाच जातोय.

काही होत नाही, हाच पहिल्यांदा जाणाऱ्याला धक्का असतो. सकाळी सात ते रात्री दहा. सुट्टी नाही, त्यामुळे कामावर जाताना किंवा येताना उरकायचं. आमचं केंद्र एका प्राथमिक शाळेच्या हॉलमध्ये असतं. भिंतीवर मुलांनी कागदी ताटल्यांचे केलेले सूर्य, कोपऱ्यात रचून ठेवलेल्या जिमच्या चटया, आणि दोन बायका टेबलामागे पट्टी आणि पेन घेऊन यादीवर रेघ मारायला बसलेल्या. पोलीस नाही, रांग नाही. एक आजोबा कुत्रा घेऊन आले होते, त्याला दारातल्या रेलिंगला बांधून आत गेले.

मतपत्रिका कागदी. नावं आडनावाच्या इंग्रजी अक्षरक्रमाने, समोर पक्षाचं चिन्ह. फुली मारायची, तीही दोरीला बांधलेल्या आखूड पेन्सिलीने. पेन्सिलीवर विश्वास नसेल तर स्वतःचं पेन न्यावं, हरकत नाही. केंटमध्ये ७२ विभाग आहेत आणि त्यातले नऊ विभाग दोन-दोन सदस्यांचे. तिथे दोन फुल्या मारता येतात. वरची सूचना वाचा, बरेच जण एकच मारून येतात. ‘वरीलपैकी कोणीही नाही’ हा पर्याय नाही. पहिल्या वर्षी मत पेटीत टाकल्यावर मी सवयीने डाव्या हाताचं बोट पुढे केलं होतं. टेबलामागच्या बाईंना वाटलं मला काहीतरी लागलंय.

दाराबाहेर छातीवर रंगीत फितीचं फूल लावलेला माणूस तुमचा मतदार क्रमांक विचारेल. तो सरकारी नसतो, पक्षाचा असतो. आपले कोण येऊन गेले आणि कोणाला अजून आणायचंय याचा तो हिशेब ठेवतो. नंबर सांगणं बंधनकारक नाही. आपल्याकडचा बूथवरचा टेबलवाला, फक्त वडापाव नाही.

भारतीय नागरिक उमेदवार म्हणून उभा राहू शकतो का? डिपॉझिट किती?

इथे कायम राहण्याची परवानगी असेल तर होय, नुसत्या वर्क किंवा विद्यार्थी व्हिसावर नाही. कॉमनवेल्थ नागरिकाला स्थानिक निवडणूक लढवता येते, फक्त इथे राहण्याची परवानगी कोणत्या प्रकारची आहे त्यावर अट आहे, ती उभं राहण्याआधी नीट तपासून घ्या. काउन्सिलच्या निवडणुकीला डिपॉझिटच नाही, त्यामुळे जप्त व्हायचा प्रश्न नाही. एक सूचक, एक अनुमोदक, झालं. निवडून आल्यावर पगार नाही, भत्ता मिळतो.

निकालानंतर खुर्ची कधी मिळते?

जुने सदस्य मतदानानंतर चौथ्या दिवशी निवृत्त होतात आणि नव्यांची मुदत सुरू होते. शपथविधीचा मांडव वगैरे नसतो, प्रत्येकजण पद स्वीकारल्याच्या कागदावर सही करतो. मग मे महिन्यातच वार्षिक सभा होते, मेडस्टनच्या काउंटी हॉलमध्ये, ज्याला सगळे सेशन्स हाउस म्हणतात. तिथे सभागृह आपला नेता निवडतं आणि नेता आपलं मंत्रिमंडळ. नेत्यासह दहापेक्षा जास्त माणसं त्यात घेता येत नाहीत. केंटमध्ये लिंडेन केमकारन नेत्या झाल्या, आधी बीबीसीत पत्रकार होत्या.

कर्मचारी मात्र तेच राहतात. आपल्याकडे सीईओ सरकार पाठवतं, इथे मुख्य अधिकारी काउन्सिल नेमतं, आणि सत्ता बदलली म्हणून त्याला हलवता येत नाही. दोन अधिकाऱ्यांची नावं सत्ताधाऱ्यांना लवकर पाठ होतात: एक कायद्यावर नजर ठेवणारा आणि एक तिजोरीवर. तिजोरीवाल्याने ‘कलम ११४’ ची नोटीस काढली की बंधनकारक कामं सोडून नवा खर्च बंद. नॉर्दॅम्प्टनशर काउंटीवर २०१८ मध्ये ही नोटीस आली आणि २०२१ मध्ये ती काउंटीच बरखास्त होऊन तिचे दोन तुकडे झाले. दोन्ही तुकडे २०२५ मध्ये रिफॉर्मने जिंकले.

कुणालाच बहुमत मिळालं नाही तर? घोडेबाजार होतो का?

तडजोडी होतात, पण आमदारांसारखं हॉटेलात नेऊन ठेवत नाहीत. कॉर्नवॉलमध्ये ८७ पैकी रिफॉर्म २८ घेऊन पहिला आला आणि तरीही सत्ता मिळाली २६ वाल्या लिबरल डेमोक्रॅटांना, अपक्षांच्या मदतीने. वॉरिकशरमध्ये उलट झालं. ५७ पैकी २३ असताना रिफॉर्मने अल्पमतात कारभार घेतला. तिथला नेता दीडेक महिन्यातच तब्येतीचं कारण देऊन पायउतार झाला आणि त्याच्या जागी आलेला जॉर्ज फिंच नेतेपदी निवडून आला तेव्हा एकोणीस वर्षांचा होता. आमच्या घरी ही बातमी बारावी झालेल्या मुलासमोर वाचली गेली, तो विषय इथे वाढवत नाही.

सदस्याने पक्ष बदलला तर पद जातं का?

नाही. पक्षांतरबंदी कायदा इथे नाही. पक्षाने काढलं किंवा त्याने पक्ष सोडला तरी पुढच्या निवडणुकीपर्यंत जागा त्याचीच.

केंटमध्ये याची गरज फार लवकर पडली. ऑक्टोबर २०२५ मध्ये रिफॉर्म गटाच्या ऑनलाइन बैठकीचं चित्रण गार्डियन वर्तमानपत्राच्या हाती लागलं. त्यात नेत्या स्वतःच्याच सदस्यांना, निर्णय आवडला नाही तरी गिळावा लागेल, असं शिवीसकट सुनावताना दिसत होत्या. मग फोडलं कोणी याचा शोध, काहींचं निलंबन, काहींची हकालपट्टी. सत्तावन्नातले काही जण विरोधात जाऊन बसले. बहुमत एवढं मोठं की सत्तेला ओरखडा आला नाही. मोठ्या बहुमताचं हेच दुखणं: विरोधक उरत नाहीत, म्हणून घरातूनच निघतात.

सत्ता बदलली, आता काउन्सिल टॅक्स कमी होणार का?

हा प्रश्न विचारताना प्रत्येकाचा आवाज जरा आशेने भरलेला असतो.

आधी टॅक्सचा साचा. तुमचं घर १ एप्रिल १९९१ ला कितीला विकलं गेलं असतं, त्यावर ते ए ते एच यापैकी एका पट्ट्यात बसवतात. घर २०१५ मध्ये बांधलं असलं तरी १९९१ चाच भाव, कल्पनेने काढलेला. बिल डिस्ट्रिक्ट पाठवतं, पण त्यातला सर्वात मोठा वाटा काउंटीचा. मग पोलीस, अग्निशमन, डिस्ट्रिक्ट, पॅरिश. दरवर्षी काउंटीला जास्तीत जास्त पाच टक्क्यांच्या आत वाढ करता येते, त्यात दोन टक्के खास प्रौढांच्या देखभालीसाठी. त्यापुढे जायचं तर लोकांचं सार्वमत घ्यावं लागतं, आणि कर वाढवू का असं लोकांना विचारायच्या भानगडीत सहसा कोणी पडत नाही. म्हणून वर्षानुवर्षं सगळ्या रंगांच्या काउन्सिलांची वाढ ४.९९ टक्के दिसते. बाटाच्या दुकानातल्या किमतीसारखी.

आता खर्च. केंटचं वर्षाचं निव्वळ बजेट सुमारे दीड अब्ज पौंड. त्यातला निम्म्याहून कितीतरी जास्त पैसा वृद्ध, अपंग आणि मुलं यांच्या देखभालीत जातो. हे काउन्सिलने दयाबुद्धीने चालवलेलं काम नाही, संसदेच्या कायद्याने लादलेलं आहे. ऐंशी वर्षांच्या आजींना दिवसातून चारदा मदतनीस लागतो असं मूल्यमापन झालं आणि त्यांच्याकडे पैसे नसले की काउंटीला तो द्यावाच लागतो, मग सभागृहात रिफॉर्मच्या फिरोजी फिती असोत की कॉन्झर्व्हेटिव्हांच्या निळ्या. विशेष गरजांच्या मुलाला वीस मैलांवरच्या शाळेत न्यायला टॅक्सी लागते, ती द्यावी लागते. सकाळी साडेसातला आमच्या गल्लीत अशी एक टॅक्सी येते, एक मूल आणि एक सोबतीण. ती बंद करा म्हणणं सोपं, पण ते बेकायदा आहे, आणि मला विचाराल तर निर्दयही. वरून जुनं कर्ज, सत्तर कोटी पौंडांहून अधिक.

रिफॉर्मने प्रचारात उधळपट्टी शोधून काढू असं सांगितलं होतं. अमेरिकेत इलॉन मस्क यांनी चालवलेल्या खात्याच्या धर्तीवर पक्षाने एक पथक काढलं आणि पहिलं लक्ष्य केंट ठरवलं. काउन्सिलच्या इमारतींतले पर्यावरणपूरक बदल आणि विजेवरच्या गाड्या रद्द करून चार वर्षांत सुमारे चार कोटी पौंड वाचवल्याचा दावा झाला. विरोधकांचं म्हणणं, हा पैसा अजून खर्च व्हायचाच होता, म्हणजे न घेतलेल्या गाडीचं पेट्रोल वाचवल्यासारखं. पुढे प्रौढ देखभालीचं खातं सांभाळणाऱ्या त्यांच्याच मंत्रिमंडळ सदस्याने फायनान्शियल टाइम्सला सांगितलं की सेवा आधीच हाडांपर्यंत कापलेल्या आहेत. हेच वाक्य मागच्या सत्ताधाऱ्यांच्या तोंडी आम्ही अनेकदा ऐकलेलं.

थोडक्यात, डायरेक्ट डेबिट आहे तेवढाच चालू ठेवा.

मग बदललं तरी काय?

जे फुकटात बदलता येतं ते आधी बदललं. सभागृहातला युक्रेनचा झेंडा काढायचं ठरलं, हवामान आणीबाणीचा जुना ठराव मागे घेतला गेला. समित्यांचे अध्यक्ष बदलले, प्रश्न विचारणारे बदलले. मुख्य विरोधी पक्ष आता लिबरल डेमोक्रॅट, जे आधी सहा होते. वाचनालयं, कंत्राटं, इमारती विकायच्या की ठेवायच्या, अशा गोष्टींत सत्ताधाऱ्यांना खरी मोकळीक असते आणि तिथे फरक पडतो, पण तो दोनतीन बजेटं गेल्यावर दिसतो.

फ्रान्सहून छोट्या बोटींतून येणारे लोक आणि व्हिसा यावर काउंटी काही करू शकते का?

प्रचारात सर्वात जास्त आवाज याच विषयाचा होता, आणि काउंटीच्या हातात यातलं जवळजवळ काही नाही. सीमा आणि व्हिसा गृहखात्याकडे. काउंटीच्या वाट्याला येतात ती डोव्हरच्या किनाऱ्यावर एकटी उतरलेली अठरा वर्षांखालची मुलं. १९८९ च्या बालक कायद्यानुसार त्यांना सांभाळणं काउंटीवर बंधनकारक आहे, आणि २०२३ मध्ये उच्च न्यायालयाने कॉन्झर्व्हेटिव्ह केंटला हे स्पष्ट शब्दांत बजावलं. पक्ष बदलला, निकाल तोच आहे.

व्हिसाची गंमत वेगळीच. जुलै २०२५ मध्ये केंद्र सरकारने देखभाल कर्मचाऱ्यांची परदेशातून नवी भरती बंद केली. तेव्हा गृहमंत्र्यांना पत्र लिहून, आमच्या देखभाल केंद्रांत परदेशी कर्मचाऱ्यांचा मोठा वाटा आहे, हे नियम त्यांना कड्याच्या टोकावर नेतील, असं कळवणाऱ्यांत केंटचे रिफॉर्म नेते होते. स्थलांतर थांबवा म्हणून निवडून आलेले. मला यात ढोंग दिसत नाही. खात्याची फाइल हातात आली की आजींना आंघोळ कोण घालतं ते कळतं. ज्या केअर होममध्ये माझी शेजारीण रात्रपाळी करते तिथे एका मजल्यावर केरळ, नायजेरिया, झिम्बाब्वे आणि आमची नागपूरची एक.

केंट टेस्टचं काय? ग्रामर स्कूलं बंद होणार का?

नाही. घाबरू नका. (ग्रामर स्कूल म्हणजे अकराव्या वर्षाच्या सुमारास परीक्षा घेऊन मुलं निवडणारी सरकारी शाळा. ती परीक्षा म्हणजे अकरा-प्लस, आणि केंटमधली ती केंट टेस्ट.) मुलीच्या अकरा-प्लसच्या शिकवणीला महिन्याला पैसे मोजणाऱ्या आईबापांसाठी हा निवडणुकीतला एकमेव प्रश्न असतो, हे मला माहीत आहे. केंटमध्ये तिसाहून जास्त ग्रामर शाळा आहेत, परीक्षा काउंटी घेते, सहावीच्या सुरुवातीला सप्टेंबरात होते आणि निकाल ऑक्टोबरात. प्रवेशाचा अर्ज ३१ ऑक्टोबरपर्यंत, जागा मार्चमध्ये कळते. ग्रामर शाळांना रिफॉर्मचा विरोध नाही, कॉन्झर्व्हेटिव्हांचाही नव्हता. १९९८ च्या कायद्याने नवी ग्रामर शाळा काढायला बंदी आहे, ती उठवणं काउंटीच्या हातात नाही. २०१७ मध्ये सेव्हनओक्सला उघडली ती म्हणूनच टनब्रिजच्या शाळेची ‘शाखा’ म्हणवते.

असं एकट्या केंटमध्येच झालं का?

नाही. त्या दिवशी १,६४१ जागांसाठी मतदान झालं, रिफॉर्मला ६७७ मिळाल्या आणि दहा काउन्सिलं: केंट, लँकशर, लिंकनशर, डर्बीशर, नॉटिंगमशर, स्टॅफर्डशर, डरम, डॉनकॅस्टर आणि नॉर्दॅम्प्टनशरचे ते दोन तुकडे. लिबरल डेमोक्रॅटांनी केंब्रिजशर, ऑक्सफर्डशर आणि श्रॉपशर घेतलं. कॉन्झर्व्हेटिव्हांनी जिथे बहुमत होतं त्यातलं काहीच राखलं नाही. त्याच दिवशी रनकॉर्नमध्ये संसदेची पोटनिवडणूक होती, तिथे रिफॉर्म सहा मतांनी जिंकला. माझ्या एका मताने काय होतंय असं म्हणणाऱ्या रनकॉर्नमधल्या सात जणांचं त्या रात्री काय झालं असेल कोण जाणे.

ही काउन्सिलच बंद होणार म्हणे?

सरकारचा बेत तसाच आहे. काउंटी, बारा डिस्ट्रिक्टं आणि मेडवे सगळं विसर्जित करून त्या जागी एकमजली काउन्सिलं आणायची. किती आणायची यावर भांडण आहे. काउंटी म्हणते सबंध केंटला एकच पुरे. डिस्ट्रिक्टांना तीन, चार, पाच असे तुकडे हवेत, आणि प्रत्येकाला आपलं गाव मुख्यालय व्हावं असं वाटतं. प्रस्ताव नोव्हेंबर २०२५ च्या अखेरीपर्यंत द्यायचे होते. नवी व्यवस्था एप्रिल २०२८ पासून सुरू करायचं लक्ष्य आहे. म्हणजे १८८९ मध्ये स्थापन झालेल्या केंट काउंटी काउन्सिलचा शेवटचा कारभार कदाचित याच सत्तावन्नांच्या हातून होईल.

आमच्या गल्लीत खड्डा आहे. कुणाला सांगू?

एम २० किंवा ए २ सारख्या मोठ्या रस्त्यावर असेल तर नॅशनल हायवेजला. गल्लीत असेल तर काउंटीला, वेबसाइटवर नकाशा उघडून टाचणी लावायची आणि फोटो जोडायचा. फोटोत खड्ड्याच्या बाजूला काहीतरी ठेवा म्हणजे खोली कळते. मी डालडाच्या जुन्या डब्याचं झाकण ठेवलं होतं. तक्रार क्रमांक जपून ठेवा, महिनाभर हालचाल नसेल तर तो क्रमांक टाकून आपल्या विभागाच्या सदस्याला मेल करा, पत्ता काउन्सिलच्या साइटवर असतो. आमच्या नव्या सदस्याने दोन दिवसांत उत्तर दिलं. खड्ड्याभोवती आता पांढऱ्या रंगाचा चौकोन मारून गेलेत.